न मागितलेली सही

तिच्या वडिलांनी नकार दिला नव्हता. मी त्यांना विचारलंच नव्हतं. एवढं लिहायला मला सहा वर्षं लागली आणि लिहून झाल्यावरही छातीवरचं ओझं तसूभर हललेलं नाही.

मी पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. आमच्या मुलींचा खो-खोचा संघ चांगला होता आणि कुणाच्या तरी ओळखीतून फिजी बेटांवरच्या एका शाळेचं बोलावणं आलं. फार पूर्वी ऊस तोडायला तिकडं नेलेल्या भारतीय मजुरांची पतवंडं त्या शाळेत शिकतात. आमच्या मुलींनी त्यांना खो-खो शिकवायचा, त्यांनी आमच्या मुलींना त्यांचे खेळ आणि गाणी शिकवायची, असा बेत होता. प्रत्येक मुलीनं तिथल्या एकेका घरी दहा दिवस राहायचं आणि पुढच्या वर्षी त्या घरच्या मुलीला आपल्या घरी ठेवून घ्यायचं.

ती शेवटची अट वाचली आणि आमच्या कर्णधाराचं घर माझ्या डोळ्यांपुढं आलं. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात शेळी, संडास नाही. दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला जायचे, पोरगी आजीजवळ राहायची. नववीत होती. खांबाला हात लावून वळायची ती इतकी झपकन, की पंचसुद्धा चुकायचे. संघ तिच्यामुळेच उभा होता. पण परदेशी पाहुणी त्या पत्र्याखाली झोपणार, सकाळी टमरेल घेऊन शेताकडं जाणार, या कल्पनेनंच मला घाम फुटला. लाज तिला वाटत नव्हती, तिच्या आजीलाही वाटत नव्हती. ती मला वाटत होती.

पासपोर्टच्या अर्जाला आईवडिलांची संमती लागत होती. त्यांची टोळी तेव्हा राहात्याच्या पुढं उतरली होती. मी म्हणालो, "मी जाऊन आणतो." कागद घेतले, अंगठ्यासाठी शाईचा पॅड घेतला आणि मोटरसायकलवर निघालो. राहात्यापर्यंत गेलोही. तिथून ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पाच-सहा किलोमीटरवर होत्या. रस्त्याकडेला चहा प्यायलो, दुसरा प्यायलो. मग पेरू विकणाऱ्या बाईकडून दोन किलो पेरू घेतले आणि गाडी माघारी वळवली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ती धावतच आली.

"सर, दिली का सही?"

"नाही म्हणाले."

"कोन, आबा?"

"हो. पोरीला एवढ्या लांब नाही पाठवायचं म्हणाले. तू फोनवर विषय काढू नकोस, भडकलेत." मी पिशवी पुढं केली. "हे पेरू दिलेत तुला."

तिनं पिशवीकडं पाहिलंसुद्धा नाही. "त्यांना मी चड्डी घालून खेळती त्येच आवडत न्हाई," एवढंच बोलली. पेरू संघातल्या पोरींनी खाल्ले. एकही गोड निघाला नाही म्हणून त्या हसत होत्या.

तिच्या जागी दुसरी मुलगी आली. पक्क्या घरातली, साधी, तिचा यात काही दोष नाही.

फिजीत मला एका ऊस उत्पादकाच्या घरी उतरवलं. पत्र्याचं छप्पर, अंगण ओलांडून मागं संडास, दारात शेळ्या. घरातली म्हातारी त्यांच्या हिंदीत सांगायची, तिचे आजोबा जहाजातून आले ते कोयता हातात घ्यायलाच. एकदा तिनं विचारलं, तुमच्या पोरींमध्ये ऊस तोडणाऱ्या घरातली कुणी आहे का? मी नाही म्हणालो. ते खरं होतं. मीच ते खरं केलं होतं. तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला. तिथले सामने आम्ही जिंकलो की हरलो, तेही आज मला नीट सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षी तिकडच्या मुली आल्या. आमच्या शिक्षणसंस्थेनं सगळ्यांची सोय नगरला हॉटेलात केली. घरी कुणाच्याच कुणी राहिलं नाही.

आमच्या कर्णधारानं मात्र आम्ही परत आलो त्याच महिन्यात खेळ सोडला होता. दहावीनंतर शाळाही सुटली. अठरा पुरी होताच लग्न झालं आणि ऊसतोडीच्या टोळीत नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात, तसा तिचाही धरला गेला.

गेल्या दिवाळीआधी तिचे वडील धाकट्याचा दाखला न्यायला शाळेत आले. मला पाहून हात जोडले.

"सर, तुमी पोरीला लई जीव लावला. आमी कुठं व्हतो इथं!"

मी विचारलं, "कशी आहे ती?"

"हाय बरी. माज्याशी बोलत न्हाई धड. नववीत व्हती तवापास्नं. काय चुकलं म्या, त्येच कळंना."

मी त्यांना पिंपळाखालच्या पारावर नेलं आणि सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. बराच वेळ ते टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्यावरची धूळ झटकत राहिले.

"अंगठा कशाला?" शेवटी म्हणाले. "मला सही येती, सर. चौथी झालीय माजी. दिली असती की." मग उठले. "मला सांगून काय उपेग? तिला सांगा."

मला आणखी दोन महिने लागले. तिची टोळी संगमनेरकडं होती. दुपारी फडात पोचलो तेव्हा ती उसाची मोळी बांधत होती. चेहरा रापलेला, डोक्याला फडकं. मला ओळखून ती हसली.

"सर! इथवर आलात? खो द्यायला आलात काय मला?"

तिचा नवरा पाणी आणायला गेला. मी चपला काढल्या. का काढल्या ते मलाही ठाऊक नाही. पाचट पायांना टोचत होतं.

म्हणालो, "बाळा, तुझ्या आबांनी नाही म्हटलं नव्हतं. मी त्यांच्यापर्यंत गेलोच नव्हतो. राहात्यातून परत फिरलो. पेरू मी विकत घेतले होते. तुझ्या घराची लाज मला वाटली आणि तो दोष मी त्यांच्या माथी मारला. सहा वर्षं तू त्यांच्यावर रागावलीस, तो राग माझ्या वाट्याचा होता. गेलेलं काहीच मला परत देता येत नाही. मला माफ कर असंही म्हणवत नाही. पण माझं चुकलं. फार चुकलं, बाळा. आबांना फोन कर."