भुरक्याला मिळालेली परवानगी

जपानी हॉटेलात शेजारच्या टेबलावरची चार माणसं वाडग्यात तोंड घालून सुर्रकन नूडल्स ओढत होती, आणि त्या आवाजाचा त्यांना चक्क अभिमान वाटत होता. आमच्या टेबलावर माझा भाचा निखिल तेच करत होता. "मावशी, जपानमध्ये आवाज करत खाणं म्हणजे स्वयंपाक्याला दिलेली दाद असते," असं मला समजावून त्याने असा काही भुरका मारला की रश्श्याचे शिंतोडे माझ्या चष्म्यावर उडाले.

म्हणे दाद! याच्याच साखरपुड्याच्या जेवणात भाऊजींनी, म्हणजे याच्या वडिलांनी, कढीचा भुरका मारला, तर हा सासरच्या माणसांदेखत त्यांच्यावर खेकसला होता, "बाबा, आवाज करू नका हो, लाज वाटते!" बापाने मारला तो गावंढळपणा, आणि तोच जपानहून आला की संस्कृती. आपल्या शिकल्यासवरल्या माणसांना घरचं काही आवडायचं असलं, तरी लांबून कुणाचीतरी परवानगी यावी लागते. ती मिळाली की हे असे डोळे मिटून भुरकत बसतात. कीव येते मला यांची.

"बाबा, तुम्हीपण ओढा की जोरात! इथे चालतं," निखिल समोर बसलेल्या भाऊजींना मोठ्या उदारपणे म्हणाला.

भाऊजींनी चमच्याने नूडल्सचे बारीक तुकडे केले, थोडे तोंडात घातले आणि ओठ घट्ट मिटून, जराही आवाज न करता ते चावत राहिले.