मोठा काटा

क्रोनोग्राफ म्हणजे साध्या भाषेत दोन बटणांचं मनगटी घड्याळ. वरचं बटण दाबलं की मधला मोठा काटा पळायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालच्या बटणाने तो शून्यावर येतो. या काट्याचा आणि खऱ्या वेळेचा संबंध नाही. घड्याळ आपलं चालूच असतं, त्याचा खरा सेकंदकाटा डावीकडच्या छोट्या गोलात गुपचूप फिरत असतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

माझा बाप घोलवडला चिकूच्या वाडीत पॅकिंगला होता. जुन्या बंगल्यांतलं सामान भंगारात निघालं की हा त्यात घड्याळं हुडकायचा. झरीतल्या आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून ती ठेवलेली. मी जमीनहक्काच्या संघटनेची पत्रकं लिहितो; तिथले साथी मला टोचायचे, "काय रे, पत्रकात कसणाऱ्याची जमीन, आणि घरात शेठलोकांची घड्याळं?" मी उलट सुनवायचो, "त्यांनी यावर आमचा घाम मोजला. आता ती आमच्या पेटीत आहेत. बिघडलं काय?" पत्रकं लिहून लिहून तोंड असंच झालंय. खरं कारण एवढंच की मला ती आवडायची आणि बापाशेजारी पेटीपुढे बसायला आवडायचं.

एक घड्याळ आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं शोधलं. तीन छोटे गोल, दुधाळ तबकडी, तीही मूळची, पुन्हा न रंगवलेली. शेवटी उंबरगावच्या एका घड्याळजीच्या खोक्यात मिळालं, काच फुटलेलं. बापाने ते पेटीत ठेवलंच नाही, हातात घातलं. मुंबईहून एक व्यापारी ते बघायला आला होता. म्हणाला, "काका, दुर्मीळ पीस आहे. मोठा काटा सारखा पळवू नका, आतली चाकं झिजतात."

बाप म्हणाला, "थांबवला की तलासरीच्या बाजारात जो तो विचारतो, घड्याळ मेलं का? कोणाकोणाला समजवू?"

काटा पळतच राहिला.

बाप डहाणूच्या दवाखान्यात वारला. नर्सने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, तेव्हाही काटा पळत होता. मग रोज सकाळी मी चावी देत राहिलो. का, ते विचारू नका. मला काही वाटत नव्हतं. लोक येत होते, रडत होते, मी पाणी देत होतो.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. माणसाच्या अंगावरचं, हातातलं त्याच्यासोबत द्यायचं, आणि मोडून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. मोडल्याशिवाय ते त्याला पोचत नाही. त्याच्या तांब्याला भोक पाडलं. विळा वाकवला. छत्रीच्या काड्या मोडल्या. मग आत्या म्हणाली, "घड्याळ आण."

मी बोलायला लागलो. सभेत बोलतो तसाच. "रीत, रीत! हे शोधण्यात त्याचा जन्म गेला, आणि तुम्ही दगडाने ठेचणार? ठेचून कोणाला काय पोचलंय आजवर?" आवाज चढला होता. आत मात्र काहीच नव्हतं, रिकाम्या टाकीवर कोणी ठोकावं तसं.

आत्या शांतपणे म्हणाली, "पेटीतली सगळी ठेव तू. हातातलं त्याचं."

"त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं देतो. कोणाला कळणार आहे?"

"आम्हाला नाय कळायचं. त्याला कळंल."

काकाने दगड उचलला. मी म्हटलं, "थांबा. मी मोडतो."

मी वरचं बटण दाबलं. मोठा काटा थांबला. सगळे वाकून बघायला लागले.

"मेलं," काका म्हणाला आणि त्याने दगड खाली टाकला.

घड्याळ राखेशेजारी, तांब्याजवळ ठेवलं. तिथल्या वस्तूला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. म्हणजे संध्याकाळी येऊन उचलायला मी मोकळा. रीतही झाली, घड्याळही वाचलं. पत्रकवाल्याचं डोकं.

शेवटी आई तांदूळ वाहायला पुढे झाली. तांदूळ टाकले, आणि घड्याळ उचलून कानाला लावलं. इतकी वर्षं त्याच मनगटाशेजारी झोपलेली बाई. तिने माझ्याकडे बघितलं. आता बोलणार, असं वाटलं. तिने ते होतं तसं परत ठेवलं.

परतताना सगळे पुढे गेल्यावर म्हणाली, "चालतंय ते."

"हो."

"कुठवर चालंल?"

"सकाळपर्यंत. चावी दिलीये मी."

थोडं चालून म्हणाली, "मग बंद पडंल. आपलं आपण. कोणी ठेचायला नको."

आणलंस तरी चालेल, असं ती म्हणाली नाही. आणू नको, असंही नाही.

संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन आला. वाईट वाटलं वगैरे म्हणाला, मग म्हणाला, "तो पीस चालू आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "सकाळपर्यंत."

त्याला कळलं नाही. मी फोन ठेवला. चपला घातल्या, अंगणात उभा राहिलो, पुन्हा काढल्या.

सकाळी आईने चहा पुढे ठेवला. "थांबलं असंल?"

"थांबलं असेल."

ती चुलीकडे वळली. मला रडू आलं नाही. चहा गार झाला होता, तो तसाच पिऊन टाकला.