वरातीच्या घोडीसाठी चार अडथळे

शाळेच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत आमची घोडी घ्यायची की नाही, हे सर त्या रविवारी आमच्याकडे येऊन ठरवणार होते. शाळेचे घोडे धीट मुलींनी आधीच मागून घेतले होते. मी हात वर केलाच नव्हता. आमच्या घोडीला घेतलं, तरच मी उतरणार होते.

ती पप्पांनी एका वरातवाल्याकडून घेतली होती. नवरदेव मोटारीतून मिरवायला लागले, तेव्हा त्यानं ती विकायला काढली. शाळेत मी एवढंच सांगितलं होतं, आमच्याकडे घोडी आहे.

कसबा बावड्यात घरामागं, ऊस तुटून गेलेल्या रानात पप्पांनी चार अडथळे उभे केले. ते कामाला होते त्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून ऑइलचे रिकामे ड्रम आणले. मांडववाल्यानं टाकून दिलेले बांबू त्यांच्यावर आडवे ठेवले. लायब्ररीतल्या पुस्तकात लाल-पांढरे पट्टे होते, म्हणून घरात उरलेला रंग फासला. लाल संपला, तेव्हा फाटकाचा निळा. मला ते सगळं छान वाटत होतं. सर आणि वर्गातल्या दोन मुली गाडीतून उतरेपर्यंत.

"या पावणं!" पप्पा लांबूनच ओरडले. सरांना पावणं म्हणणारं मी दुसरं कुणी पाहिलं नव्हतं. "बसा की. च्या टाकायला सांगू?"

मुली निळ्या पट्ट्यांकडे बघत होत्या. मी हेल्मेटचा पट्टा उगाच पुन्हा लावला.

पहिल्या दोन उड्या छान झाल्या. तिसऱ्या अडथळ्यात घोडीचा मागचा पाय अडकला आणि बांबू ड्रमवर आदळला. ढम्म!

घोडी थबकली. कान ताठ केले, मान कमानीसारखी वाकवली आणि नाचायला लागली. हा पाय, तो पाय, मग सगळं अंग घुसळून बाजूला. मी टाच मारली, तशी तिला आणखीच चेव आला.

"अगं, ही डान्स करतेय!" एक मुलगी म्हणाली.

"थांबव तिला," सर म्हणाले.

"तिच्यानं न्हाय थांबायची," पप्पा पुढं येत म्हणाले. "लगाम वढू नको बाळ. तिला वरात वाटतीया."

वरातीत घोडी नाचली की घरचं कुणीतरी नवरदेवावरून नोट ओवाळतं. ती घोडेवाल्याला मिळते, मग घोडी पुढं निघते. पप्पांनी खिशातून नोट काढली आणि सगळ्यांसमोर माझ्या हेल्मेटवरून ओवाळली.

घोडी शहाण्यासारखी उभी राहिली. मुली मोठ्यानं हसल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी ओठ दाबून धरले होते.

"ड्रमात पाचट भरतो सर," पप्पा म्हणाले. "मग कुठला आवाज?"

"इथं भराल हो. मैदानावर शाळेचा बँड असतो. त्याच्या ढोलाचं काय करणार?"

पप्पांनी नोट घडी करून खिशात ठेवली. सर चहा न घेताच गेले. मी खाली उतरलेच नाही. उतरले असते, तर त्यांना निरोप द्यायला फाटकापर्यंत जावं लागलं असतं.

गाडी वळल्यावर पप्पांनी उसाचं वाळकं पाचट आणलं आणि ड्रमांत ठासून भरलं. "बस तशीच. घे एक उडी."

आता बघायला कुणी नव्हतं. बांबू पुन्हा पडला, आवाज झालाच नाही आणि घोडी सरळ पुढं पळाली. मी वळून बघितलं. पप्पांचा हात आधीच नोटेच्या खिशाकडे गेला होता.