जर्मनचा डबा

शांतवनदादा माझा थोरला भाऊ, नगरच्या लष्करी वर्कशॉपात फिटर. हट्टी किती, तर मिशनचे एक अमेरिकन साहेब मायदेशी जाताना विमानाच्या सुट्या भागांच्या पेट्या मागे ठेवून गेले, त्या यानं मागून घेतल्या आणि घरामागच्या मोटारीच्या गॅरेजात विमान जोडायला बसला. चार वर्षं! मी मरिया, शाळेतली बाई. मी त्या विमानाला नुसत्या शिव्या घातल्या.

लिडियावहिनीनं मात्र साथ दिली. पत्र्याला पत्रा रिबिटांनी, म्हणजे ठोकून चपटे करायच्या खिळ्यांनी, जोडायचा. बाहेरून दादा ठोकणार, आतून वहिनी लोखंडी ठोकळा दाबून धरणार. त्या ठणठणाटात बोलणं ऐकू येईना, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या. वहिनीनं पत्र्यावर एकदा टक केलं की रिबीट बसला, दोनदा म्हणजे अजून ठोका, तीनदा म्हणजे बिघडला, काढून टाका. एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारा दादा तिसरी टक ऐकली की मुकाट ड्रिल उचलून तो रिबीट काढायचा.

१९७३चा मे. उड्डाणाची परवानगी हातात आली होती, दुसऱ्या दिवशी दादा विमान उडवणार होता. अर्ध्या चर्चला आमंत्रण गेलेलं. सकाळी मी गॅरेजात उभी होते, तेवढ्यात वहिनी कान निखळलेलं पातेलं घेऊन आली. दुसऱ्या हातात ॲल्युमिनियमचा रिकामा डबा.

"जर्मनच्या डब्यातले रिबीट संपले की हो. आता ह्याला काय लावता?"

"संपतील कसे? भरल्याला हाय," म्हणत दादानं फळीवरून दुसराच डबा काढला. मिशनच्या दवाखान्यातल्या जर्मन डॉक्टरीणबाईंनी दिलेला, बिस्किटांचा; दादाच्या लेखी हाच जर्मनचा डबा. विमानाचे उरलेले रिबीट त्यानं नाताळात पेटीतून त्यात ओतले होते. झाकण उघडलं. डबा तसाच काठोकाठ!

आमच्याकडं ॲल्युमिनियमलाच जर्मन म्हणतात. वहिनीच्या हातातल्या त्या जर्मनच्या डब्यात दादा भांडी सांधायचे मऊ रिबीट ठेवायचा, विमानाचा भार न पेलणारे.

"मी जर्मनच्या डब्यातले दे म्हनायचो, तवा तू..."

"ह्यातलेच दिले," वहिनीनं हातातला रिकामा डबा पुढं केला. "नाताळापासनं. सगळा उजवा पंख."

दादा पंखावरून हात फिरवत राहिला. रंगसुद्धा वाळला होता. मग एकदम म्हणाला, "धरतील. उद्या उडतंय म्हंजे उडतंय."

"दादा, अरे जीव जाईल तुझा!" मी ओरडले. मला खरंच तो पडलेला दिसायला लागला होता.

"तू गप ए मरिया. लोकांला काय सांगू? बायकूनं डबा चुकवला?"

वहिनीनं वाद घातला नाही. पातेलं खाली ठेवलं, उजव्या पंखाजवळ गेली आणि बोटाच्या पेरानं पत्र्यावर वाजवलं. टक. टक. टक.

दादा पाठमोराच उभा. "लिडे, न्हाई."

तिनं पुन्हा तीनदा वाजवलं. तिन्ही टका स्पष्ट आल्या.

दादा वळला. मग त्यानं ड्रिल उचललं आणि पहिल्या रिबिटावर टेकवलं. चार वर्षांत पहिल्यांदाच मी त्या विमानापुढं रडले. वहिनी डोळे पुसून ठोकळा शोधायला लागली.