सुरुवात कापलेली त्रिकोणमिती

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका व्हिडिओवाल्याने मला फसवलं. अर्धवट कॅसेट पूर्ण म्हणून गळ्यात मारली. तो अजूनही हे मान्य करत नाही.

नव्वदीची सुरुवात होती. शाळा नववीत सुटलेली. अंबरनाथच्या कारखान्यांत वेल्डिंग करत करत मी स्वतःचं वर्कशॉप टाकलं आणि पहिलं मोठं काम मिळवलं. एका जुन्या शेडची लांबी वाढवायची होती, त्यासाठी छपराचे पत्रे पेलणाऱ्या लोखंडी त्रिकोणी कैच्या करायच्या होत्या. मालक म्हणाला, "पहिली कैची चढवून दाखव. जमली तर बाकीच्या तुझ्या. नाही तर दुसरा बघतो."

मापांसाठी ड्राफ्ट्समनच्या पाया पडायची माझी तयारी नव्हती. दहावीच्या त्रिकोणमितीची कॅसेट मिळते असं कळलं. व्हिडिओवाल्याशी इतकी घासाघीस केली की रविवारपुरता व्हीसीआरही पदरात पाडून घेतला.

"शेठ, पिक्चर न्या ना. गणितं कशाला?"

"तू कॉपी मार. पण पूर्ण हवी."

"एकदम फुल्ल. आपल्याकडे गडबड नाय."

रविवारी व्हीसीआर बघून अख्खी चाळ घरात येऊन बसली. पडद्यावर फळा आणि खडू घेतलेले मास्तर. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हिरॉइन कधी येते रे?" हळूहळू सगळे उठून गेले. मी मात्र कॅसेट मागे-पुढे करत बसलो. साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण. कर्ण म्हणजे सगळ्यात लांब बाजू. मास्तर प्रत्येक त्रिकोणाच्या एका कोपऱ्यात छोटा चौकोन काढत. मला ती त्यांची सवय वाटली.

त्या शेडच्या छपराला एका बाजूने लांब उतार होता, दुसरी बाजू बरीच उभी. खालची रुंदी वीस फूट, उताराचा कोन तीस अंश. खालची बाजू सगळ्यात लांब, म्हणजे तोच कर्ण. हिशोब केला, लोखंडी अँगल कापले, जोडले. तिन्ही टोकं अशी चपखल बसली की मी स्वतःचीच पाठ थोपटली.

कैची वर चढली आणि मी बघतच राहिलो. जुन्या कैच्यांपेक्षा तिचा माथा जवळजवळ फूटभर खाली होता.

"ही काय, त्यांची धाकटी बहीण आणलीस का?" मालक म्हणाला. माणसं हसली. काम गेलं.

मी तडक दुकानात गेलो. "मूळ कॅसेट लाव."

त्याने लावली. मास्तर नमस्कार करून पहिलंच वाक्य बोलले, "आज शिकणार ते फक्त काटकोन त्रिकोणासाठी. हा छोटा चौकोन म्हणजे काटकोनाची खूण. काटकोन नसेल तर ही सूत्रं लावू नका."

शेडच्या जुन्या कैच्यांच्या माथ्याला काटकोन नव्हताच, मी तो धरून चाललो होतो.

"हे माझ्या कॅसेटवर का नाही?"

"सुरुवात आहे ती, शेठ. नावं, नमस्कार. पिक्चरच्या पाट्या उडवतो तसंच हेही उडवलं. गिऱ्हाईकच बोंबलतं, नमनाला घडाभर तेल नको म्हणून."

अरे, पिक्चरला नावं असतात, गणिताला अट असते. ती उडवायचा अधिकार तुला कुणी दिला? माझ्या हातातून गेलेल्या त्या कामाला जबाबदार कोण? तोंड चुकवू नकोस. सांग.