खांद्याएवढी भिंत

“उरलेला वाटा उचलताना हात कचरला नाही पाहिजे,” असं भागवतमामा म्हणत. बांधावर म्हणत, पंगतीत म्हणत, कोणी नुसतं कलिंगड कापायला घेतलं तरी म्हणत.

मुदखेडपासून धर्माबादपर्यंत ज्या घरात भाऊ वेगळे निघायचे, त्या घरातून मामांना बोलावणं यायचं. ते सरपंच नव्हते, वकीलही नव्हते. फुलांची शेती करणारा साधा माणूस. पण तहसिलात कागद होण्याआधी वाटणी घरात व्हावी लागते. मामांची रीत जुनीच होती. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. आपल्याला काय उरणार हे थोरल्याला ठाऊक नसतं, म्हणून त्याचा हात आपोआप सरळ चालतो. मामा नुसते बघत बसायचे. मोबदल्यात दोन्ही सुनांनी एका चुलीवर शेवटचा स्वयंपाक करायचा आणि तो मामांना वाढायचा, एवढंच. त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा होता. आपण वाटलेल्या घरांसमोरून जाताना दोन्ही दारांतून चहाची हाक येते, याचा.

गेल्या उन्हाळ्यात बोलावणं आलं ते बहिणीच्याच घरून. बहीण आता नव्हती. तिची मुलं, थोरला रामकिशन आणि धाकटा दयानंद, शेजारी बसून एकमेकांशी बोलत नव्हती. जे सांगायचं ते मामांना सांगत. मामा मनातून भ्याले होते. या घराची दोन दारं एकमेकांना बंद झाली, तर त्यांची बहीण दुसऱ्यांदा जाणार होती.

शेत वाटलं गेलं, विहिरीची पाळी ठरली, भांडी निघाली. अंगणातून भिंत घालायची म्हणून दोरी ताणून चुन्याची फक्कीही मारून झाली. रामकिशनला पुरुषभर उंच भिंत हवी होती. शेवटी राहिला तो पोरींचा गेम.

रामकिशनची ऋतुजा आणि दयानंदची शिल्पा, दोघींसाठी मिळून हैदराबादच्या सिंधुआत्यानं तो आणला होता. पाटीएवढा पडदा, आणि दोन्ही बाजूंना बटणांचं एकेक टोक. मामांनी तो हातात घेतला, तेव्हा दोघी एकदमच बोलू लागल्या.

“आबा, हातात धरूनबी खेळता येतो, टीव्हीला जोडूनबी!”

“आन हे बघा, टोकं सरकून निघतात. एक तिला, एक मला.”

“मोबाईलचं नेट दिलं की आत्यासंगं हैदराबादलाबी खेळता येतं.”

“आत्या लई हरते,” शिल्पा म्हणाली.

मामा हसले. पण रामकिशन हसला नाही. “मामा, पोरीचा खेळ असो की बैलजोडी, रीत ती रीत. मी वाटे पाडतो.” त्यानं पडदा आणि चार्जर एकीकडे ठेवला, दोन्ही टोकं दुसरीकडे. “उचल म्हणा त्याला.”

पडदा मोठा, चकचकीत. दयानंद तोच उचलणार असं सगळ्यांना वाटलं. पण महिनाभराचा राग त्याच्या हातात उतरला होता. त्यानं झपकन दोन्ही टोकं उचलली. “सांगा मामा त्यास्नी, आता पडद्याला उदबत्ती ओवाळत बसा म्हणावं!”

वाटणी झाली. कोणाचाच हात कचरला नव्हता, तरी दोन्ही हात रिकामे होते. मामांच्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं. सुनांनी ताट वाढलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. “दोन्ही वाटे मोडके निघाले गं,” ते एवढंच म्हणाले.

उन्हं कलली. ऋतुजा पडदा मांडीवर घेऊन ओसरीच्या पायरीवर बसली होती. दोरीच्या पलीकडे, शेवग्याखाली, शिल्पा रुसून टोकांची बटणं उगीच दाबत होती. अचानक ऋतुजाच्या मांडीवर उजेड पडला.

“शिल्पे, चालू झाला! पळ, पळ! खड्डा आला, उडी मार!”

शिल्पाला दिसत काहीच नव्हतं. ती बहिणीच्या ओरडण्यावर बटणं दाबत होती, आणि पडद्यातला चिमुकला गडी उड्या मारत पळत होता.

मामा उठून आले. “तार कुठंय गं याची?”

“तार नसतीच, आबा. जवळ असलं की धरतंय.”

“भिंत मधी आली तर?”

मग त्यांनी शिल्पाला दूर दूर उभं केलं. खोलीच्या भिंतीआड गेली, तर गडी अडखळत पळाला. गोठ्याच्या दगडी भिंतीमागं गेली, तर जागीच थांबला.

“आन बॅटरी?” मामांनी विचारलं.

ऋतुजानं मान खाली घातली. “टोकं पडद्याला लावल्याबगर भरत न्हाईत. आमच्याकडं दुसरं काही न्हाई भरायला.”

मामांनी दोघा भावांना हाक मारली, दोरीपाशी आणलं, आणि शिल्पाच्या खांद्यावर हात ठेवला. “भिंत इथवर. याच्यावर एक वीट न्हाई.”

“मामा, असली कुठं भिंत असती?” रामकिशन उसळला. “शेरडू उडी मारून येईल!”

“येऊ दे. पोरीला पडदा दिसला पाहिजे, आन रोज संध्याकाळी टोकं भिंतीवरून देता आली पाहिजेत. न्हाईतर वाटा मोडका ऱ्हातो. मी मोडका वाटा देत नसतो, रामकिशन. तुझ्या आईच्या घरात तर न्हाईच.”

“आन पोरी वाढल्यावर?”

“वाढू दे की. भिंत थोडीच वाढणार हाय?”

दयानंद पायानं फक्की उकरत होता. मग मामांकडे न बघता, सरळ भावाकडे बघून तो म्हणाला, “दादा, विटा तर कमी लागतील.”

रामकिशननं त्याच्याकडे पाहिलं. “तुला विटांचंच पडलंय, दया,” तो म्हणाला. चिडूनच म्हणाला, पण त्यालाच म्हणाला.

मामांनी ताट पुन्हा मागवलं. गार भाकरी आणि गार वांगं त्यांनी पोटभर खाल्लं, हात धुतला, धोतराचा सोगा सावरला, आणि मुदखेडच्या रस्त्याला लागले. रामकिशननं हाक मारली, “चहा तरी घेऊन जावा!” दोरीच्या पलीकडून दयानंदही तेच म्हणाला. मामांनी पाठमोऱ्यानंच हात वर केला.

“उडी मार की गं!” ऋतुजा ओरडली. “खड्ड्यात पडला बघ!”

शिल्पाचं लक्ष नव्हतं. दोन्ही टोकं मुठीत धरून ती दोरीपाशी उभी होती. फुलांच्या वावराकडेनं जाणारं ते पांढरं धोतर वळणाआड दिसेनासं होईपर्यंत ती बघत राहिली.