भवानीचे बूट

सायकलच्या बुटांच्या व्यवहारात मला माझ्या मित्रानं फसवलं. भावात नाही, भाव त्यानं मी मागितला तोच दिला. तरीही फसवलं. हे लिहायला इतकी वर्षं लागली, कारण आधी राग आवरायचा नाही आणि नंतर कंटाळा आला. आता दोन्ही ओसरलंय, म्हणून लिहितो.

माझा धंदा बारदानाचा. देवळ्याहून नाशकात आलो तेव्हा कांदा मार्केटच्या बाहेर जुन्या गोण्या विकत घ्यायचो, झटकून, ठिगळं लावून पुन्हा विकायचो. पुढं पंचवटीत गाळा झाला, त्यात सुतळी आली, ताडपत्र्या आल्या. शाळेत जे मिळालं नाही ते बाजारानं शिकवलं. त्यातली पहिली गोष्ट म्हणजे कुठल्याही दुकानात जायचं तर शटर वर जाताना जायचं. उदबत्ती लागलेली असते, गल्ला रिकामा असतो, आणि दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं तर दुकानदाराचा दिवस नासतो, असं तो मानतो. भवानीसाठी, त्या पहिल्या विक्रीसाठी, तो खरेदीच्या भावातसुद्धा माल सोडतो. त्याची दुसरी बाजूही सगळ्यांना ठाऊक असते. भवानीचा माल परत घ्यायचा नाही. आलेली लक्ष्मी परत गेली तर बरकत जाते. मी स्वतः कधी घेतला नाही, आणि कुणाकडे मागितलाही नाही.

घरातलं भांड्याकुंड्यापासून लेकीच्या लग्नातल्या पैठणीपर्यंत सगळं मी असंच घेतलं. पैठणीसाठी तर पहाटेची एसटी धरून येवल्याला गेलो होतो. बायको वैतागून म्हणाली होती, "अहो, साड्यांना अजून जाग तरी येऊ द्या."

सायकलच्या नादाला मी हौसेनं लागलो नाही. वडिलांना शुगर होती. शेतात अंगठ्याला काटा लागला, जखम भरेना. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटची वर्षं ते ओट्यावर बसून असायचे आणि आल्यागेल्याच्या चपलांकडे बघत राहायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझ्याही रक्तात तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, "शेठ, बाकी काही जपू नका, पाय जपा." मला पाय हवे होते. दुसरं काही नको होतं. म्हणून चालायला लागलो, मग पळायला, मग महापालिकेच्या तलावात पोहायला.

तलावावर हा मित्र भेटला. गंगापूर रोडला त्याचं सायकलींचं दुकान. शहरात अजून दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीच दिसायच्या तेव्हा यानं गिअरच्या, हलक्या सायकली आणायला सुरुवात केली होती. माझ्यासारखाच शून्यातून वर आलेला, माझ्यासारखाच तोंडाळ. आमचं जमलं. त्यानंच मला आधी पोहायचं, तसंच ओल्या अंगानं सायकलवर बसायचं आणि उतरून पळायचं, अशा शर्यतींची गोडी लावली. त्याला माझ्या वडिलांचं माहीत होतं. रोज पोहून झाल्यावर मी कठड्यावर बसून तळपाय उलटे करून बघायचो, कुठं फोड, कुठं चीर आहे का ते. तो हसायचा. "बघा, नवरी पाय बघतेय. मेंदी लावू का, शेठ?"

दोन हजार सालाच्या पुढचीच गोष्ट ही. इगतपुरीच्या बाजूला एका धरणावर अशी शर्यत ठरली. तोवर मी कॅनव्हासचे बूट घालून सायकल मारायचो. मित्र म्हणाला, यावेळी नीट बूट घे, तळाशी खटका असलेले, पॅडलमध्ये अडकणारे. पाय वर ओढतानाही जोर लागतो, म्हणजे पळायला मांड्या शिल्लक राहतात. त्याच्याकडे दोन जोड होते. एकाला तीन पट्टे आणि वर चाप, तो नुसत्या सायकलवाल्यांचा. दुसरा खास या शर्यतीचा. एकच रुंद पट्टा, तोही साखळीत अडकू नये म्हणून बाहेरच्या अंगाला उघडणारा. टाचेला ओढायला फासा, तळाला पाणी निथळायला भोकं, आतून मऊ अस्तर, कारण पाण्यातून आलेला माणूस मोजे घालत बसत नाही. हे सगळं त्यानं आदल्या दिवशी तलावावर समजावून सांगितलं होतं. मनातल्या मनात मी दुसरा जोड ठरवला, आणि वेळही ठरवली.

सकाळी त्याच्या शटरबरोबरच मी आत शिरलो. तो उदबत्ती ओवाळत होता. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला कळलं. माझ्या दुकानात असं गिऱ्हाईक आलं की माझंही तोंड तसंच होतं. बूट हातात घेऊन मी गोणी तपासावी तसे तपासले. शिवण ओढली, तळ दोन्ही हातांनी वाकवून बघितला. वाकला नाही. अनवाणी पाय आत घातला. बरोबर मापात बसला, केसाएवढी जागा राहिली नाही. मित्र वाकून माझ्या पायाकडे बघत होता. बराच वेळ बघत होता. मग उभा राहिला.

भावावरून आमचं जे व्हायचं ते झालं. मी दोनदा पायरी उतरलो, त्यानं दोनदा हाका मारून परत बोलावलं. शेवटी माझ्या भावात दिले, नोटा कपाळाला लावल्या आणि म्हणाला, "लुटलंस लेका. सकाळी सकाळी लुटलंस." मी खुशीत घरी आलो.

संध्याकाळी दुकान बंद करून त्र्यंबक रोडला निघालो, तर पाय आत जाईना. ओढूनताणून घातला. सातपूर सोडेपर्यंत करंगळी भाजल्यासारखी झाली. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. परत घे म्हणालो नाही, तसं तोंडातून निघालंच नसतं. नुसतं म्हणालो की घट्ट होतायत. मला काय म्हणायचंय ते त्याला कळलं.

"भवानीचा माल, शेठ," तो म्हणाला. "तुझ्या गाळ्यात तू घेतोस का परत?"

त्यानं खांद्यावर हात ठेवला. "अरे, घालून घालून सैल होतील. नवा बूट आहे, थोडा छळणारच."

मी विश्वास ठेवला. चामड्याची चप्पल सैल होते हे मला माहीत होतं. हे कातडं नव्हतं, कसलंसं कडक कापड आणि प्लास्टिक होतं, ते आयुष्यभर सैल होत नाही, हे त्याला माहीत होतं. विकणारा तो होता.

शर्यतीच्या दिवशी धरणाचं पाणी गार होतं. मी बरा पोहलो. बूट चढवून घोटीच्या दिशेला लागलो. उजवी करंगळी ठणकत होती, मग जळायला लागली, आणि परतीच्या वाटेवर एकाएकी दुखायचं थांबलं. मला वाटलं, झाला एकदाचा सैल. मनात मित्राला धन्यवादसुद्धा दिले. शुगरवाल्याच्या पायाचं दुखणं थांबतं ते बरं झालं म्हणून नव्हे, हे मला वडिलांवरून कळायला हवं होतं. पण सायकलवर माणूस वडिलांचा विचार करत नाही.

उतरून बूट काढला तर आतलं पांढरं अस्तर लाल होतं. तिथं शेजारी पुण्याचा एक तरुण पळायचे बूट बांधत होता. त्यानं बघितलं आणि मला खाली बसवलं. नंबर लहान घेतलात काका, म्हणाला. मी म्हणालो, दुकानात बरोबर बसला होता. त्यानं विचारलं, "सकाळी घेतलात का?"

मी हो म्हणालो.

"काका, सायकलचा बूट संध्याकाळी घ्यायचा. दिवसभर उभं राहून, सायकल मारून पाय फुगतो, त्या पायाला घ्यायचा. गेल्या महिन्यात नाशकात आलो तेव्हा मी पण सकाळीच गेलो होतो, गंगापूर रोडला. दुकानदारानं दिलाच नाही. म्हणाले, संध्याकाळी ये."

दुकान कुठलं ते मी विचारलं. खूण पटली. शर्यत मी सोडली. मित्र पूर्ण करून आला, गळ्यात पदक होतं, मला शोधत होता. मी दुसऱ्याच्या जीपमध्ये बसून निघून आलो.

जखम भरली नाही. ती कशी भरत नाही ते मी लहानपणी पाहिलंच होतं, म्हणून नवल वाटलं नाही, फक्त थकवा आला. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी करंगळी काढली. मित्र दवाखान्यात शहाळी घेऊन आला. मी त्याच्यावर इतका ओरडलो की नर्स धावत आली. बायको म्हणाली, "अहो, माणूस बघायला आलाय." मी त्याला पुण्याच्या पोराचं सांगितलं. विचारलं, त्याला सांगितलंस, मला का नाही?

त्यानं शहाळ्यांची पिशवी खाटेखाली सरकवली. मग म्हणाला, "तो बूट घ्यायला आला होता. तू भाव पाडायला आलास. पायाचं तू विचारलंस कधी?"

शहाळी तिथंच ठेवून तो गेला. मी त्याला परत हाक मारली नाही, आणि त्यानंही पुन्हा तोंड दाखवलं नाही. दोघंही याच शहरात आहोत. सायकल मी विकली, शर्यती संपल्या. सकाळी गोदेच्या काठानं चालतो, डावा पाय पुढं, उजवा जरा सांभाळून. शुगर चढली की डॉक्टर उजवं पाऊल हातात घेऊन दाबून बघतात. तेव्हा मला वडिलांचा ओटा दिसतो.

लोक मला सांगतात, सोडून दे, भाव पाडणाऱ्याच्या नशिबी असंच असतं. पाडला मी भाव. माझा तो धंदा आहे, त्याचाही आहे. खरेदीच्या भावात द्यायचं त्याच्या जिवावर आलं असेल तर त्यानं मला शिव्या द्यायच्या, बाहेर काढायचं, दिवस नासला तर नासू द्यायचा. पण माझा अनवाणी पाय त्याच्यासमोर होता. रोज तलावावर बघून हसायचा तोच पाय. तो वाकून बघत होता, आणि काय होणार ते त्या दुकानात फक्त त्यालाच माहीत होतं.

तू हे वाचशील, कुणीतरी तुला वाचायला देईलच. शहाळी नकोत, माफी नको. गाळ्यावर ये, समोर बस, आणि सांग: त्या सकाळी वाकून बघताना, "संध्याकाळी ये" हे शब्द तुझ्या तोंडाशी आले होते की नाही? आणि आले असतील, तर ते तू का गिळलेस?